मशीन बसलं, कंप थांबला. मग घोडीवर कानस का चालत नाही?

प्रश्न: वय 56. मिरजेत तंबोरे-सतारी करण्याचा आमचा पिढीजात धंदा. नऊ वर्षांपासून पार्किन्सन आहे. गोळीचा असर दोन-अडीच तासांत उतरायचा, मग हात इतका हलायचा की तार खुंटीत ओवता येत नव्हती. साडेतीन महिन्यांपूर्वी पुण्यात डीबीएसचं (मेंदूत तारा बसवून मशीननं बारीक विजेचे ठोके देण्याचं) ऑपरेशन झालं. डोक्यात दोन्ही बाजूंना तारा आहेत आणि डाव्या छातीत बॅटरी. पहिले दहा-बारा दिवस हात एकदम शांत होता, मग पुन्हा हलू लागला. मशीन चालू केल्यावर कंप गेला. गेल्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगितलं, कंप नाही म्हणाले आणि फाइल बंद केली. पण जवारी काढायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा नाद गुंजेल असा घासायला बसलो की जमत नाही, घोडी एका अंगाला जास्त घासली जाते. दोन घोड्या वाया गेल्या. दर गुरुवारी भजनात पेटीवर बसून गायचो, आता आवाज मागच्या माणसापर्यंत पोचत नाही. मुलगा म्हणतो, आता बास करा. त्याला वाटतं मला आळस चढलाय. खरं सांगायचं तर मलाही दुकानात जावंसं वाटत नाही. ड्रिल मशीन वापरली तर बॅटरी बिघडेल का? गोळ्या सहावरून तीनवर आल्यात, त्या पूर्ण बंद करता येतील का? आणि हातात काम परत येईल का?
— एक तंबोरेवाला, मिरज

उत्तर: काम परत येण्याची शक्यता चांगली आहे. मात्र तुमच्या मशीनची जुळवणी अजून पुरी झालेली नाही, आणि जी झाली ती कंप बघून झाली आहे, तुमचं काम बघून नव्हे. पत्रातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच दिसतं.

पार्किन्सनमध्ये हाताला तीन वेगवेगळे त्रास होतात: कंप, ताठरपणा आणि मंदपणा. मंदपणा म्हणजे नुसतं हळू होणं नव्हे. एकच हालचाल पुन:पुन्हा केली की ती दर खेपेला थोडी लहान होत जाते. अशा पेशंटची सही बघा, पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं मुंगीएवढं असतं. कानशीचंही तेच होतं. पहिले चार-पाच हात घोडीच्या पूर्ण रुंदीवरून जातात, दहाव्या हाताला कानस निम्म्यातच थांबते, आणि ते तुमच्या लक्षात येत नाही, कारण मेंदूला हालचाल पुरी झाल्यासारखीच वाटते. दाब मात्र तेवढाच राहतो. मग जिथे कानस घुटमळते तिथे खड्डा पडतो आणि तार त्या बाजूला मेल्यासारखी वाजते. दोन घोड्या वाया जाण्याचं कारण बहुतेक हेच असावं. तुमचा कान आणि तुमचं कसब जिथल्या तिथे आहे.

करंट वाढवला की ताठरपणा आणि कंप काही सेकंदांत किंवा मिनिटांत कमी होतो. मंदपणावरचा पूर्ण परिणाम दिसायला काही तास, कधी काही दिवस लागतात. ओपीडीतल्या वीस मिनिटांत डॉक्टरांना कंप गेलेला दिसतो, त्यात त्यांची चूक नाही. पण दुकानात तिसऱ्या दिवशी कानस कशी चालते हे तिथे दिसणं शक्य नसतं. ते तुम्ही दाखवायचं.

म्हणून पुढच्या प्रोग्रॅमिंगला, म्हणजे मशीनच्या जुळवणीला जाताना पिशवीत एक टाकाऊ घोडी, रोजची कानस आणि घोडी अडकवायचा छोटा शिकंजा घेऊन जा. आम्ही हे गंमत म्हणून सांगत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, "माझं काम बारीक हाताचं आहे, ते करून दाखवायचंय, अर्धा तास जास्त लागेल." गोळी घेऊन यायचं की न घेता, हेही तेव्हाच विचारा. पुष्कळदा सकाळची गोळी न घेता बोलावतात, म्हणजे मशीनचा एकट्याचा असर कळतो. पण तुम्ही दुकानात गोळी घेऊनच काम करता, तेव्हा निदान एक तपासणी त्या अवस्थेत व्हावी असं स्पष्ट बोला. तिथे वीस हात सलग चालवा आणि मुलाला बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या. सेटिंग बदलल्यावर पुन्हा वीस. पहिल्या आणि विसाव्या हाताची लांबी शेजारी ठेवून पाहिली की डॉक्टरांना जे कळेल ते हात पुढे धरून कळणार नाही.

त्याआधी दहा दिवस एक वही ठेवा. त्यात चारच रकाने असू द्यात: वेळ, शेवटची गोळी किती वाजता घेतली, काय काम केलं, हात कसा होता. "बरा", "वाईट" असं लिहू नका. "सव्वाअकरा, गोळी दहाला, खुंटी बसवली, बोटं अडखळली" असं लिहा. या वहीवरून एक गोष्ट ताबडतोब कळते: त्रास गोळी उतरायच्या वेळी होतो की दिवसभर सारखाच. पहिला गोळ्यांच्या वेळांचा प्रश्न, दुसरा मशीनचा. दोन्हींचा इलाज वेगळा.

सेटिंगमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. करंट किती, प्रत्येक ठोका किती रुंद आणि सेकंदाला किती ठोके. पार्किन्सनमध्ये सुरुवात साधारण 60 मायक्रोसेकंद रुंदी आणि सेकंदाला 130 ठोके अशी करतात आणि करंट थोडाथोडा चढवत नेतात. शिवाय तारेच्या टोकाला चार किंवा जास्त धातूची कडी असतात. त्यांतलं कुठलं चालू ठेवायचं हेही बदलता येतं. काम जवारीसारखंच आहे, केसभर इकडे की केसभर तिकडे. फरक एवढाच की घोडीवर जास्त घासलं तर परतीची वाट नाही, इथे जुनं सेटिंग पुन्हा लावता येतं. त्यामुळे घाबरून "आहे ते राहू द्या" म्हणू नका. नीट जुळवणी व्हायला तीन ते सहा महिने लागणं अगदी नेहमीचं आहे. मिरजेहून पुण्याच्या पाच-सहा खेपा गृहीत धरा.

पहिले दहा-बारा दिवस हात शांत होता आणि मग बिघडला, याचा तुम्ही धसका घेतलेला दिसतो. तार आत जाताना त्या जागी थोडी सूज येते आणि ती सूजच काही दिवस मशीनसारखं काम करते. सूज उतरली की कंप परत येतो. म्हणूनच बरेच डॉक्टर मशीन लगेच चालू न करता तीन-चार आठवडे थांबतात. तुमची तार सरकली असावी असं यावरून तरी वाटत नाही.

गोळ्या आणि "आळस"

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अर्धीसुद्धा कमी करू नका. लेव्होडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी) एकदम तोडली तर अंग ताठतं, ताप चढतो, माणूस भ्रमात जातो आणि जिवावर बेततं. तुमच्यासारख्या ऑपरेशननंतर गोळ्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानं ते निम्म्यानं कमी होतात. तुमच्या निम्म्या झाल्या, म्हणजे आधीच बऱ्याच उतरल्या आहेत. पूर्ण सुटणारे थोडेच, आणि ते ध्येयही नव्हे.

इथेच तुमच्या "आळसा"चा धागा आहे. साडेतीन महिन्यांत सहावरून तीन हा उतार काही जणांना वेगात जातो. हात ठीक राहतो, पण मन उठत नाही. कशाची गोडी वाटत नाही, दुकानाची चावी हातात घेऊन माणूस खाटेवर बसून राहतो. हा स्वभाव नव्हे, औषध झपाट्यानं उतरल्याचा परिणाम असू शकतो, आणि डोस थोडा वाढवून किंवा दुसरं औषध जोडून तो सुधारता येतो. हे न्यूरॉलॉजिस्टला याच शब्दांत सांगा: "हात चालतो, पण इच्छा होत नाही." जगणं नको असे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो.

याची उलटी बाजूही मुलाला माहीत हवी. रात्री दोनला उठून सगळ्या कानशी परत परत लावून ठेवणं, चांगला तंबोरा विनाकारण खोलणं, मोबाइलवर रमी, उधारीवर ढीगभर लाकूड उचलणं. असं काही दिसलं तर "बाबा पुन्हा उत्साहात आले" म्हणून खूश होऊ नये. हेही गोळी किंवा मशीन जास्त झाल्याचं लक्षण असतं. पेशंटला ते स्वतःला कळत नाही, म्हणून घरच्यांनीच डॉक्टरांना सांगायचं.

गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर घ्या. दूध, उसळ, अंडी यांच्याबरोबर घेतली तर प्रथिनं तिच्या आड येतात आणि सकाळचं काम वाया जातं. गोळीनं मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्किट चालेल.

दुकानात परत बसताना

मानेची आणि छातीची जखम पूर्ण भरली आहे असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तर बारीक काम आता सुरू करायला हरकत नसावी. पण एकदम आठ तास नको. दिवसातली तुमची सगळ्यात चांगली वेळ वहीवरून शोधा, आणि त्या वेळेत पाऊण-पाऊण तासाच्या दोन बैठकी, पहिले दोन आठवडे एवढंच. कामाची चढणही ठरवून घ्या: आधी पॉलिश पेपर मारणं आणि तारा चढवणं, मग खुंट्या बसवणं, मग टाकाऊ घोडीवर कानस. गिऱ्हाइकाच्या घोडीला निदान महिनाभर हात लावू नका.

कानस चालवताना दहा हात झाले की थांबा, हात मोकळा करा, पुन्हा मोठ्या हातानं सुरुवात करा. घोडीच्या दोन्ही कडांबाहेर शिकंज्यावर पेन्सिलीनं एकेक रेघ मारा. प्रत्येक हात या रेघेपासून त्या रेघेपर्यंत गेलाच पाहिजे. डोळ्यापुढे खूण असली की लहान होत जाणारी हालचाल बरीच आवरते. ठेक्याचाही असाच उपयोग होतो. इलेक्ट्रॉनिक तबला मध्य लयीत लावून ठेवा आणि प्रत्येक हात मात्रेवर टाका. पार्किन्सनच्या चालीसाठी फिजिओथेरपीत ठेका वापरतातच, आणि तुमच्या दुकानात तो ऐकणाऱ्यांना शिकवावा लागणार नाही. कानशीची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबनं गुंडाळून जाड करा. पकड सैल ठेवता येते आणि बोटं लवकर दमत नाहीत.

जमिनीवर मांडी घालून काम करायची सवय सोडा, हे ऐकायला आवडणार नाही. कंप, ताठरपणा, मंदपणा यांवर मशीन काम करतं. तोल आणि उठताना पाय जमिनीला चिकटणं यावर त्याचा भरवसा नसतो. गुडघ्याच्या उंचीचं भक्कम स्टूल आणि त्याला जुळेल असं टेबल करून घ्या. फरशीवरचा भुसा दोनदा झाडा, वायर पायात येऊ देऊ नका. भोपळा छातीशी धरून कापायची आणि घासायची पद्धत असेल तर तो डाव्या छातीवर टेकवू नका. बॅटरीवरची कातडी पातळ असते, सततच्या घासण्यानं ती लाल होते, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर अख्खं मशीन काढावं लागू शकतं. पिशवीचा पट्टा, पेटी उचलताना येणारं वजन, हे सगळं उजव्या खांद्यावर. मानेला झटके देऊन "कडकड" मोडून घेणं कायमचं बंद, कारण तार मानेतूनच खाली उतरते.

ड्रिलचं विचारलंत. छोटी हॅन्ड ड्रिल चालते, फक्त तिची मोटार छातीपासून फूटभर लांब ठेवा, आणि छातीनं रेटा देऊन भोक पाडू नका. हाच नियम मोठ्या स्पीकरच्या चुंबकाला लागू. मोबाइल डाव्या खिशात नको. वेल्डिंग स्वतः करायचं नाही, शेजारी चालू असेल तर लांब व्हायचं. उभी करवत मशीन मात्र मुलाकडे द्या. तिथे बॅटरीची भीती नाही, तुमच्या तोलाची आहे. काही शंका असली तर मशीनबरोबर मिळालेलं पुस्तक बघा, कंपनीप्रमाणे अंतरं थोडी बदलतात.

एक गोष्ट मात्र दुकानातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा धोक्याची आहे, आणि ती दवाखान्यात असते. पार्किन्सनमध्ये खांदा आखडणं नेहमीचं. कुणीतरी म्हणेल, शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी चालते. पण शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह किंवा अल्ट्रासाउंड डायथर्मी (यंत्राच्या लहरींनी आतून दिलेला शेक) शरीराच्या कुठल्याही भागावर घ्यायची नाही, मशीन बंद करूनही नाही. ती ऊर्जा तारेतून थेट मेंदूतल्या टोकाला जाते; डीबीएस असलेल्या पेशंटला अशा शेकानं मेंदूला कायमची इजा झालेली आहे. एमआरआय, कुठलंही ऑपरेशन, दाताचं काम यांआधी डीबीएसचं कार्ड दाखवायचं. कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्येही असू दे.

आवाज

आवाजाबाबत खोटी आशा देणार नाही. डीबीएसनं हाताइतका आवाज सुधारत नाही, काहींचा तर बिघडतो. पण बिघडण्याचे दोन प्रकार आहेत आणि तुमचा कोणता ते घरी तपासता येतं. आवाज फक्त बारीक झाला असेल, शब्द स्पष्ट असतील, तर तो मुख्यतः पार्किन्सनचा. शब्द लोळत असतील, जीभ जड वाटत असेल, आणि करंट वाढवल्यापासूनच हे झालं असेल, तर करंट शेजारच्या तंतूंपर्यंत सांडतो आहे. तो थोडा कमी करून, दुसरं कडं निवडून किंवा ठोक्यांची गती उतरवून फरक पडू शकतो. कधीकधी मग हाताचा थोडा फायदा सोडावा लागतो. तंबोरेवाल्यानं हात की गळा यांत काय निवडावं हे डॉक्टर ठरवू शकत नाहीत. तुम्ही आधी मनाशी ठरवून जा. प्रत्येक प्रोग्रॅमिंगच्या आदल्या दिवशी आणि आठवड्यानंतर एकच अभंग, एकाच पट्टीत, मोबाइल हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. तुलनेला तोच पुरावा.

बारीक आवाजासाठी स्पीच थेरपीची एक ठरलेली पद्धत आहे: आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, रोज तासभर, आणि सारा भर एकाच गोष्टीवर, मोठ्यानं. पार्किन्सनच्या माणसाला आपला हळू आवाजही पुरेसा मोठा वाटतो, म्हणून ही मोजपट्टी नव्यानं बसवावी लागते. ही पद्धत शिकलेले थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवरही शिकवतात. गुरुवारी पेटी जरूर वाजवा. भात्याला आणि सुरांना दोन हात वेगळे चालवणं हा उत्तम व्यायाम आहे. गाताना पट्टी अर्ध्या-एका स्वरानं उतरवा आणि माइक घ्या.

बॅटरी, पैसे आणि मुलगा

तुमची बॅटरी चार्ज करायची आहे की न करायची, हे पत्रात नाही. न चार्ज होणारी साधारण तीन ते पाच वर्षं चालते, चार्ज होणारी दहा वर्षांच्या आसपास किंवा जास्त. पण तिचं चार्जिंग चुकलं तर मशीन बंद पडतं. दोन्हींत रिमोटवर दर आठवड्याला पातळी बघायची, आणि हे काम मुलाकडे द्यायचं. न चार्ज होणारी असेल तर बदलायचा खर्च लाखांत जातो, त्यासाठी आत्तापासून महिन्याला बाजूला टाका. कंप अचानक परत आला तर पहिल्यांदा रिमोटनं मशीन चालू आहे का ते बघा; मशीन खरंच बंद पडलं असेल तर तो तातडीचा प्रसंग समजा. अशा वेळी गोळ्या किती घ्यायच्या हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात ठेवा. पुणे दोनशे किलोमीटरहून लांब आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा स्वतंत्र उल्लेख आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर एसटीची सवलत मिळू शकते, आणि पुण्याच्या खेपांना ती उपयोगी पडेल.

मुलगा "बास करा" म्हणतो त्यामागे दोन वाया गेलेल्या घोड्या आणि गिऱ्हाइकापुढे झालेली अडचण असावी. त्याच्याशी काम वाटून घ्या. करवत, भोपळ्याची कापाकापी, उचलाउचल त्याची. तारा, सूर आणि जवारी तुमची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, बाहेरगावचे लोक मिरजेचं नाव बघून विचारतात. अशा ऑर्डरी घेताना पुढचे सहा महिने तारीख सांगू नका, "जवारी झाली की कळवतो" एवढंच सांगा आणि आगाऊ रक्कम कमी घ्या. मुलाला पुढच्या खेपेला पुण्याला बरोबर न्या. व्हिडिओ त्यानंच काढायचाय, आणि रात्री दोनचं जे काही असेल ते डॉक्टरांना त्यानंच सांगायचंय.